जुनी वास्तू सावरताना : तडा वाचण्यापासून टाय रॉड आवळण्यापर्यंत

दोन-तीनशे वर्षं उभी असलेली इमारत दुरुस्तीला घेतली की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, हिला मजबूत कसं करायचं? त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो. इतकी वर्षं ही कशाच्या जोरावर उभी राहिली, आणि आता नेमकं काय बिघडलं?

एक साधा हिशेब बघा. पंधरा मीटर उंच दगडी भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो. चांगला इमारती दगड याच्या कितीतरी पट दाब सोसतो. म्हणजे दगड भाराने चुरडला, अशी वेळ क्वचितच येते. जुन्या बांधकामात बिघडतो तो तोल. भिंत बाहेर कलते, कमानीचे पाय फाकतात, दोन भिंतींचा कोपरा सुटतो, आतला भरणा वाहून जातो. या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मुरलेलं पाणी तरी असतं, नाहीतर मध्यंतरी कुणीतरी मोठ्या हौसेने केलेली ‘पक्की’ दुरुस्ती.

हा लेख दगड-विटांच्या, चुन्यात बांधलेल्या आणि लाकडी पाटणाच्या (मजल्याच्या लाकडी जमिनीच्या) वास्तूंबद्दल आहे. कामाचा क्रम दिलाय तसाच ठेवा, कारण पुढच्या पायरीचा निर्णय मागच्या पायरीवर अवलंबून आहे. वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूला हात लावायला परवानगी लागते. भाराशी संबंधित कोणताही निर्णय जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडूनच घ्या. फक्त आरसीसीची गणितं करणारा अभियंता इथे उपयोगाचा नाही; तो हमखास वास्तूच्या आत दुसरी इमारत उभी करतो.

पहिलं काम : धोका आवरणे

व्हेनिसचा सेंट मार्क चौकातला घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला. त्याच्या पायथ्याशी दुरुस्तीचं काम चालू होतं, त्यात भिंतीला खाच पडली आणि पुढच्या काही दिवसांत तडे वाढत गेले. तडा डोळ्यांदेखत वाढतोय, चुन्याची भुकटी गळतेय, दारं अचानक अडकायला लागलीत, अशी लक्षणं दिसली की मोजमाप करत बसू नका. माणसं बाहेर काढा आणि परिसर बंद करा.

मग धिरे, म्हणजे तात्पुरते आधार, द्या. कललेल्या भिंतीला तिरके धिरे आणि कमानीखाली तिच्या गोलाईचा लाकडी सांगाडा द्यावा. कमकुवत तुळईला खालून टेकू लावायचा, आणि त्या टेकूचा भार खालच्या मजल्यांमधून थेट जमिनीपर्यंत उतरवायचा. वरच्या मजल्यावर टेकू आणि त्याच्या खाली मोकळं पाटण, हा प्रकार नेहमी दिसतो. त्यात संकट एक मजला खाली सरकतं, एवढंच. धिऱ्याच्या डोक्याशी फळी व पाचर ठेवा आणि पाचर हाताने घट्ट होईल इतकीच ठोका. जॅक लावून कललेली भिंत ‘सरळ करायला’ जाऊ नका. ती जिथे आहे तिथे थांबवायची आहे.

त्याच दिवशी पाणी बंद करा. फुटलेल्या कौलांवर ताडपत्री, तुंबलेली पन्हळ मोकळी, फुटका पाइप बंद. या स्वस्त कामांनी पुढचे महागडे निर्णय घ्यायला वेळ मिळतो.

भूकंपानंतर पाहणीला आत शिरण्याची घाई करू नये. इटलीत असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकात २६ सप्टेंबर १९९७ रोजी रात्रीच्या धक्क्याने झालेलं नुकसान बघायला माणसं आत गेली, दुसरा मोठा धक्का बसला, घुमटाकार छताचा भाग खाली आला आणि चौघांचा जीव गेला. छताच्या पाठीवर साठलेला राडारोडा हे त्या पडझडीचं एक कारण ठरलं. जुन्या छतांवरचा असा साचलेला भार काढणं हे बळकटीकरणातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. मात्र तो दोन्ही बाजूंनी सारखा, थोडाथोडा काढायचा. कमानीच्या खांद्यावरचा भरणा बऱ्याचदा तिला धरून ठेवत असतो. एका बाजूने उपसला तर चांगली कमानही जागेवर राहणार नाही.

नोंद

प्रत्येक भिंतीचं दर्शनी रेखाटन करा आणि त्यावर तडे, फुगवटे, ओल, लोणा (भिंतीवर फुटलेले क्षार), बदललेले दगड, सिमेंटचे ठिगळ वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी येऊ द्या. जमत असेल तर लेझर स्कॅन करा. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं असं स्कॅन २०१९ च्या आगीच्या आधीच झालेलं होतं आणि पुनर्बांधणीच्या वेळी ते फार मोलाचं ठरलं. पण स्कॅनला पृष्ठभाग दिसतो, पोट दिसत नाही. म्हणून लाकडी हातोडीने भिंत ठोकत फिरायला पर्याय नाही. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांची सीमारेषा खडूने भिंतीवरच आखा. दुपारभराच्या या कामातून जे कळतं ते कित्येक यंत्रांना कळत नाही.

सोबत वास्तूचा इतिहास गोळा करा. तिच्या मालकांचा नव्हे, बांधकामाचा. कोणती भिंत नंतरची, कुठे दार फोडलं, कुठली भिंत काढून तुळई टाकली, गच्चीवर टाकी कधी आली, शेजारी खोदकाम कधी झालं. तडा आणि तारीख जुळली की निम्मं निदान होतं.

तडे वाचणे

यावर वेळ घालवा. चुकीचं वाचन झालं तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

आधी तडा जुना की नवा ते बघा. कडा बोथट, आत धूळ, कोळ्याची जाळी किंवा रंगाचा थर असेल तर जुना. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असेल तर ताजा. जुन्या तड्याच्या आत ताजी रेघ दिसली, तर झोपलेली हालचाल पुन्हा जागी झाली आहे.

मग रुंदी कुठे जास्त आहे ते बघा. वर रुंद, खाली निमुळता तडा असेल तर इमारतीचं टोक खाली खचतंय किंवा ती भिंत बाहेर कलतेय. खाली रुंद आणि वर मिटत जाणारा तडा म्हणजे मधला भाग खचला. कोपऱ्यात उभा तडा आणि वर जाताना वाढत जाणारा : दर्शनी भिंत तिला काटकोनात मिळणाऱ्या आडव्या भिंतीपासून सुटली. खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखे तिरके तडे हा भूकंपाचा शिक्का. आणि एखाद्या खांबावर बारीक, उभे, एकमेकांना समांतर तडे, सोबत कपच्या सुटलेल्या दिसल्या तर लगेच टेकू द्या. सुरुवातीला म्हटलं की दगड चुरडण्याची वेळ क्वचित येते. ही तीच वेळ. इटलीतल्या पाव्हियाचा जुना मनोरा मार्च १९८९ मध्ये कोसळला, तेव्हा दीर्घकाळच्या भाराने बांधकाम आतून थकत जातं हा मुद्दा अभियंत्यांनी गांभीर्याने घेतला.

कमानीचा तडा वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. माथ्याला खालच्या बाजूने आणि खांद्यांना वरच्या बाजूने तडे पडले असतील तर कमानीचे आधार फाकले आहेत. असे तीन सांधे, म्हणजे बिजागरीसारखं काम करणाऱ्या तीन जागा, झाल्या तरी कमान उभी राहते. चौथा सांधा तयार झाला की ती पडते. त्यामुळे तीन तडे मोजून घाबरू नका, आणि चौथ्याची वाटही पाहू नका. दुरुस्ती कमानीत शोधू नये, आधारात शोधावी.

तडा चालू आहे की थांबलाय हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या छोट्या खुंट्या बसवा आणि त्यांतलं अंतर व्हर्नियरने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजा. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, आणि शेजारी तापमान लिहा. किमान एक वर्ष. कारण तडे ऋतूप्रमाणे उघडमीट करतात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटात १९८० च्या दशकापासून बसवलेली उपकरणं हेच दाखवतात. थंडीत उघडलेला तडा कडक सिमेंटने भरला तर उन्हाळ्यात त्याला मिटायला जागा राहत नाही. तो शेजारचं बांधकाम ढकलतो, पुढच्या थंडीत बाजूला नवा तडा पडतो, तोही कुणीतरी भरतो. वर्षानुवर्षं असं करत गेलं तर भिंत पाचर मारल्यासारखी फाकत जाते.

आत काय आहे

भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी बऱ्याच जाड भिंती तीन थरांच्या असतात : दोन्हीकडे घडीव दगड आणि मध्ये चुना-खडीचा भरणा. भरणा धुपला की दोन्ही पडदे सुटे होतात आणि बाहेरचा फुगतो. हे बघायला दरजेतून (दोन दगडांमधल्या सांध्यातून) छोटं भोक पाडून एंडोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, आत घाला. मोठ्या भिंतीसाठी रडार किंवा ध्वनिलहरींची चाचणी, दबलेल्या ओलीसाठी थर्मल कॅमेरा. भिंतीवरचा प्रत्यक्ष दाब मोजायचा तर एका दरजेत खाच घेऊन चपटा जॅक बसवतात आणि खाच पूर्ववत होईपर्यंत दाब वाढवतात. सगळ्या चाचण्या सगळीकडे कराव्यात असं नाही. प्रश्न आधी, चाचणी नंतर.

चुन्याची तपासणी मात्र जरूर करा. जुन्या सांध्यातला तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू उरते. तिचा रंग आणि दाण्यांचा आकार बघून नवी वाळू निवडता येते. शिंपल्यांची किंवा चुनखडीची वाळू असेल तर तीही विरघळते, म्हणून आधी भिंगाखाली बघून घ्यावं.

पाणी

बळकटीकरणाआधी वास्तू कोरडी व्हायला हवी. क्रम वरून खाली : छप्पर, पन्हळी, उभे पाइप, खिडक्यांच्या कडा, जोतं, गटारं. जोत्याभोवती वर्षानुवर्षं माती आणि फरशीचे थर चढून जमीन मूळ पातळीच्या वर आलेली असते. ती उतरवली आणि उतार बाहेर दिला की ‘जमिनीतून चढणारी ओल’ पुष्कळदा तिथेच अर्ध्यावर येते. माती उतरवताना पायाच्या तळापर्यंत जाऊ नका, नाहीतर पायाचा बाजूचा आधार निघेल.

ओलीवर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा हा सगळ्यात वाईट. ओल आतच कोंडते, आणखी उंच चढते आणि गिलावा जिथे संपतो तिथे बाहेर पडते. गिलावा उतरवल्यावर भिंतीला सुकायला महिने लागतात. जाड भिंतीला वर्षही कमी पडतं. लोणा ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार पुन्हा आत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून, बाहेर टाका. क्षार फार असतील तर कागदी लगद्याचा किंवा मातीचा लेप लावून ते ओढून काढावे लागतात, तेही एकदा करून भागत नाही.

चुना आणि दरजा

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीच्या वास्तूत सिमेंट दिसलं तर ते नंतरचंच. सिमेंट वाईट नाही, या भिंतीत चुकीचं आहे. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो विरवून भिंतीत वापरला की हवेतला तोच वायू परत घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. हा सांधा दगडापेक्षा मऊ राहतो, भिंतीच्या बारीक हालचाली स्वतःवर घेतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटची दरजा ओल अडवते, मग ओल दगडातून किंवा विटेतून बाहेर पडू लागते आणि क्षार तिथे साठून पृष्ठभाग सोलून काढतात. काही वर्षांनी अशी भिंत पोळ्यासारखी दिसते : दरजांची जाळी शाबूत, मधल्या विटा खोल झिजलेल्या. तिथे बळी गेला तो बदलता न येणाऱ्या भागाचा.

नियम सोपा आहे, दुरुस्तीचा माल मूळ बांधकामापेक्षा नेहमी थोडा कमजोर हवा.

दरजा भरण्याचं काम असं. सैल झालेला माल अरुंद छिन्नीने हाताने काढा. ग्राइंडरने काम लवकर होतं आणि विटांच्या कडा कायमच्या कापल्या जातात, म्हणून ग्राइंडर परांचीवर चढूच देऊ नका. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि किमान २५ मिलिमीटर. खाचेचा तळ चौकोनी हवा. गोलसर राहिला तर नवा माल पाचरीसारखा बाहेर सरकतो. शाबूत असलेला जुना चुना काढायचा नाही, दिसायला काळा असला तरी.

धूळ झाडा, वरून खाली पाणी मारा. कोरड्या भिंतीत चुना भरला तर ती त्याचं पाणी शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी त्याची भुकटी हातात येते. भिंत ओली पण चकाकत नसलेली असावी.

मालाचं प्रमाण साधारण एक भाग चुन्याला तीन भाग धारदार (कोनदार दाण्यांची) वाळू. यामागे कारण आहे : कोरड्या वाळूच्या दाण्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश पोकळी असते, ती चुन्याने भरायची. चुना विरवून काही आठवडे, जमल्यास तीन महिने, पाण्याखाली मुरू दिलेला असावा. जास्त ओलीच्या किंवा उघड्या जागी हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानेही घट्ट होणारा, चुना लागतो. तो २, ३.५ आणि ५ अशा प्रतींत मिळतो, आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माल अशी समजूत दुकानात कितीही ठासून सांगितली तरी मऊ विटांना ५ नंबरचा चुना नको. पोझोलाना (ज्वालामुखीची राख) किंवा भाजक्या विटांची बारीक पूड मिसळली तरी चुना ओलीत घट्ट होतो.

माल खरं तर वरून पाणी न घालता पुष्कळ वेळ मळून मऊ करायचा. अरुंद करणीने तो आतपर्यंत दाबायचा. खोल खाच असेल तर दोन थरांत, पहिला जरा आवळल्यावर दुसरा. पृष्ठभाग दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. झिजलेल्या कडांवर माल पसरला की दरजा दुप्पट जाड दिसते आणि भिंतीचा चेहराच बदलतो. बोट दाबलं तर खूण उमटत नाही पण नख लागतं, अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने ठोका. माल दाबला जातो, वरची साय निघते, वाळूचे दाणे उघडे होतात आणि सांधा श्वास घेतो.

मग ओली पोती. किमान आठवडाभर, कडक ऊन-वारा असेल तर जास्त. पाच अंशांखाली तापमान जाणार असेल तर काम थांबवा. चुना आत पिकला का हे बघायला तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थेलिनचं द्रावण टाका : गुलाबी झाला तर अजून कच्चा, रंग आला नाही तर पिकला.

ग्राउट आणि शिलाई

पोकळ भरण्याच्या भिंतीत चुन्याचं ग्राउट, म्हणजे पोकळ्या भरणारा पातळ माल, सोडायचं. आधी दोन्ही बाजूंच्या दरजा भरून घ्या, नाहीतर माल वाहून जाईल. दरजांमध्ये साधारण अर्ध्या मीटरवर, आडव्या ओळी एकाआड एक सरकवून, किंचित खाली झुकलेली भोकं घ्या आणि त्यांत नळ्या बसवा. आतली धूळ पाण्याने धुवा. मातीचा भरणा असेल तर हे पाणी बेतानेच. खालच्या ओळीपासून सुरुवात. शेजारच्या नळीतून माल आला की ती बंद करून पुढे जा. दाब कमीत कमी ठेवा, उंचावर ठेवलेल्या बादलीतून उतरणारा माल बऱ्याचदा पुरतो. पंपाचा दाब वाढवला तर फुगलेला पडदा बाहेर ढकलला जाईल. एका दिवसात फार उंची गाठू नये, कारण ओलं ग्राउट पाण्यासारखाच आडवा दाब देतं. आत किती पोती गेली ते प्रत्येक नळीपाशी लिहा. आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला भित्तिचित्रं असतील तर तिकडे माणूस बसवल्याशिवाय नळी उघडू नका.

सिमेंटचं ग्राउट टाळण्याला आणखी एक कारण : जुन्या चुन्यात किंवा गिलाव्यात जिप्सम असेल तर त्याची सिमेंटशी ओलीत प्रक्रिया होऊन फुगणारी संयुगं तयार होतात. भिंत आतून फुटायला लागते आणि आतला माल परत काढता येत नाही.

सुटलेले पडदे जोडायला आरपार जाणारे लांब दगड पुन्हा बसवावेत, किंवा भोकात स्टेनलेस स्टीलचे दांडे घालून ग्राउट करावेत. थांबलेल्या तड्याला दरजेत पिळाचे स्टेनलेस दांडे आडवे घालून शिवता येतं. साधं लोखंड कुठेही नको. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये प्राचीन कारागिरांनी संगमरवर जोडणाऱ्या लोखंडी पकडींवर शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत उघडं लोखंड वापरलं गेलं. ते गंजलं, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि संगमरवर फुटला. आताच्या कामात तिथे ते सगळं काढून टायटॅनियम बसवलं जातंय.

वास्तू बांधून घेणे

चार भिंती सुट्या असतील तर प्रत्येक भिंत एकटी पडते. त्याच चार भिंती पाटणाच्या आणि छपराच्या पातळीला एकत्र बांधल्या तर भूकंपात त्या मिळून काम करतात. बळकटीकरणाचा सगळ्यात जास्त मोबदला इथे मिळतो, आणि मूळ वास्तूला सगळ्यात कमी हातही इथेच लागतो.

टाय रॉड, म्हणजे समोरासमोरच्या भिंती किंवा कमानीचे पाय ओढून धरणारा धातूचा दांडा, ही जुनीच युक्ती. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या घुमटाला उभे तडे गेले तेव्हा जिओव्हानी पोलेनी यांनी १७४० च्या दशकात घुमटाच्या फाकीच्या वजनांची साखळी टांगून तपासलं की तोल घुमटाच्या जाडीत बसतोय, आणि त्यानंतर घुमटाभोवती जादा लोखंडी कडी घालण्यात आली. तडे असूनही घुमट सुरक्षित आहे, फक्त आडवं फाकणं धरायला हवं, एवढाच तो निष्कर्ष.

रॉड कुठे घालायचा? पाटणाच्या पातळीला, आडव्या भिंतीला खेटून. आणि कमान जिथून उचलते तिथे किंवा किंचित वर. दोन्ही टोकांना भार पसरवणारी प्लेट हवी, आणि तिच्यामागचा दगड भरीव आहे याची आधी खात्री. पोकळ भिंतीवर प्लेट आवळली तर ती आत रुतते, म्हणून तिथे आधी ग्राउट. मधल्या टर्नबकलने (फिरवून रॉड आवळायच्या जोडणीने) रॉड ढिला नसेल इतकाच ताणा. दहा मीटर लांबीचा स्टीलचा रॉड तीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांबतो किंवा आखडतो. कडक उन्हाळ्यात खूप आवळलेला रॉड थंडीत भिंत ओढतो. थंडीत ढिला ठेवलेला उन्हाळ्यात लोंबतो. मध्यम तापमानाच्या दिवशी, सगळे रॉड आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. दर्शनी भागावर प्लेट दिसते म्हणून लपवायची धडपड असते. दिसू द्या. प्रामाणिक दुरुस्ती आहे, आणि तपासायलाही सोपी.

लाकडी पाटण ताठ करायचं तर जुन्या फळ्यांवर तिरक्या दिशेने फळ्यांचा दुसरा थर स्क्रूने बसवा आणि तुळयांची टोकं स्टीलच्या पट्ट्यांनी भिंतीला धरा. इथे हमखास सुचवला जातो तो काँक्रीटचा स्लॅब. दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला जवळपास २४० किलो. तीन सेंटिमीटरच्या फळ्या वीसच्या आत. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. इटलीत लाकडी छपरं काढून काँक्रीटची छपरं आणि ताठर कडा बसवलेल्या कित्येक दगडी इमारतींच्या भिंती १९९७ च्या आणि नंतरच्या भूकंपांत वरच्या जड टोपीखालून बाहेर फेकल्या गेल्या. वरती कडं हवंच असेल तर लाकडाचं, किंवा दांडे घातलेल्या विटांचं, पातळ आणि भिंतीत नीट गुंतवलेलं करावं.

पैसे थोडे असतील तर आधी कठडे, धुरांडी, त्रिकोणी भिंतींची टोकं आणि सुटे शिल्पकाम बांधा. भूकंपात पहिल्यांदा हेच पडतं, तेही रस्त्यावर.

मोठ्या वास्तूंना बेस आयसोलेशनचा, म्हणजे वास्तू जमिनीपासून सुटी करून लवचीक बैठकांवर ठेवण्याचा, पर्याय असतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या सिटी अँड काउंटी इमारतीखाली १९८९ पर्यंत रबराच्या बैठका बसवल्या गेल्या. वरची वास्तू जवळपास तशीच राहते, पण पाया पूर्ण कापावा लागतो आणि खर्च डोळे पांढरे करणारा असतो. कार्बन किंवा काचतंतूंची जाळी लावायची झाल्यास ती चुन्याच्या मालात बसवा. इपॉक्सीने अख्खी भिंत गुंडाळली की ओलीची वाट पुन्हा बंद.

लाकूड

तुळई मध्ये क्वचित कुजते, भिंतीत शिरणाऱ्या टोकाला कुजते. टोचा घालून बघा; शंका असेल तर बारीक ड्रिलचा प्रतिरोध मोजणारं यंत्र वापरा. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली ठेवला तर बुरशी वाढत नाही, म्हणून टोकाभोवती हवेला जागा सोडा. कुजलेलं टोक कापून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड तिरक्या जोडाने बसवता येतं. अख्खी तुळई बदलण्याची गरज वाटते तितकी पडत नाही.

पाया

इथे हात आखडता घ्या. शेकडो वर्षांत जमीन भाराखाली बसलेली असते, आणि पाया खचण्याचं कारण बहुतेक वेळा फुटलेलं गटार, झाड किंवा शेजारचं खोदकाम असतं. ते आधी दूर करा आणि वर्षभर मोजा. तरीही पाया खाली न्यायचा झाला तर एका वेळी साधारण एक मीटरचा तुकडा, आणि लगतचे दोन तुकडे कधीही एकत्र उघडू नका.

पिसाचा मनोरा हा दोन्ही बाजूंचा धडा. १९३४-३५ मध्ये त्याच्या पायात भोकं पाडून सिमेंट ग्राउट सोडलं, आणि मनोरा आणखी कलला. १९९० साली तो बंद झाला. मग जमिनीला बळ देण्याऐवजी उंच बाजूखालची माती नळ्यांमधून थोडी थोडी काढण्यात आली. कल साधारण अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. तो पूर्ण सरळ करण्याचा विचार कुणीही केला नव्हता.

साफसफाई आणि हरवलेले भाग

सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) नको, तीव्र आम्ल नको. मऊ ब्रश, पाण्याचा बारीक फवारा, आधी कोपऱ्यात नमुना. वयाचा काळसरपणा आणि मळ यांत फरक असतो. जे दगडाला खात नाही ते राहू द्या. तुटलेला भाग नवा करायचा असेल तर वारसा जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद हाताशी ठेवा : जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबते. नवा दगड दुरून मिसळावा, जवळून ओळखू यावा.

काम चालू असताना आणि नंतर

दुरुस्तीचा काळ हाच आगीचा सर्वात धोक्याचा काळ. नोत्र दामला २०१९ मध्ये आणि कोपनहेगनच्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीला २०२४ मध्ये आग लागली तेव्हा दोन्हीकडे परांच्या चढलेल्या होत्या. वेल्डिंग आणि ब्लोटॉर्चला लेखी परवाना ठेवा. असं काम संपल्यावर तासाभराहून जास्त पहारा, त्या जागेची वरची-खालची बाजूही तपासून. रात्री वीज मुख्य स्विचपाशी बंद.

प्रत्येक ग्राउटचं भोक, प्रत्येक दांडा, चुन्याचं प्रमाण आणि वाळूचा स्रोत रेखाटनावर लिहून त्याची एक प्रत वास्तूतच ठेवा. तड्यांवरच्या खुंट्या काढू नका, वर्षभर पुढे मोजत राहा. पहिल्या वर्षानंतर टाय रॉड पुन्हा तपासावे लागतात, कारण प्लेटमागचं बांधकाम थोडं दबतं.

त्यानंतरचं काम शिडी आणि बादलीचं. पावसाआधी आणि पावसानंतर पन्हळी साफ करा, पहिल्या मोठ्या सरीत बाहेर उभं राहून पाणी कुठून ओघळतं ते बघा. भिंतीत उगवलेलं रोप बोटभर असताना उपटा. खोड लाकडी झालं असेल तर ओढू नका, मुळासोबत दगड येतील. ते बुंध्याशी कापून मूळ मारण्याचं औषध त्या कापावर लावा, मूळ सुकून आक्रसेपर्यंत थांबा, मग पोकळी धुऊन चुन्याने भरा.